नागोरावांची दोरी

नागोरावांचा मला पहिला संशय आला तो त्यांनी दोरी हरवल्याचं सांगितलं तेव्हा. बावीस वर्षं जो माणूस एक सुती दोरी खुंटीवरून काढतो, वापरतो आणि त्याच खुंटीला परत लावतो, त्याची दोरी हरवत नाही. एक तर ती कोणी तरी नेलेली असते, नाही तर त्यानेच लपवलेली असते.

संशय हा माझा धंदाच आहे. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चूक आहेच असं सकाळी धरून चालायचं आणि संध्याकाळपर्यंत ती शोधून त्याच्या पुढ्यात ठेवायची, याचा मला पगार मिळतो. माझी बायको पूर्णिमा म्हणते, पगार मिळाला नसता तरी तू हेच केलं असतंस. तिचं म्हणणं बरोबर आहे. रिक्षाचं मीटर, दूधवाल्याचं माप, सोसायटीचे चेअरमन, यांतल्या कोणालाही मी आजवर सोडलेलं नाही. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो तेव्हा पंचांनाही सोडलं नव्हतं. ही गोष्ट नागोरावांची आहे, पण तीत मी नको तेवढा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

२००४ साली कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट उखडून तिथे नवं सिंथेटिक कोर्ट करायचं ठरलं. आमची निम्मी टीम तोवर हिंजवडीत नाही तर अमेरिकेत पोचली होती, आणि अशा लोकांना पस्तिशीतच जुन्या आठवणींचे उमाळे येतात. चार दिवस ई-मेल इकडून तिकडे गेल्या आणि नव्या कोर्टाशेजारी एक भिंत बांधून तिच्यावर कॉलेजच्या बास्केटबॉलचा इतिहास लावायचा, असा निर्णय झाला. भिंतीचं काम सर्जेरावने अंगावर घेतलं. सर्जेराव आमच्या टीमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, वारज्याचा. घरच्या जमिनीवर इमारती उठल्यावर स्वतःच बिल्डर झालेला. मजकूर लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मला सगळे स्कोअर पाठ होते.

भिंतीच्या मधोमध काय येणार यावर दुमत नव्हतं. १९९२ च्या फेब्रुवारीत आम्ही विद्यापीठाचं अजिंक्यपद जिंकलं, आमच्याच कोर्टावर, एकसष्ट-साठ. चार सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणी न अडवता बॉल मारायच्या दोन संधी. दोन्ही आत पडले. त्या दोन बॉलांवर मी बारा वर्षं जगलो असं म्हटलं तरी चालेल. पहिली नोकरी मिळाली ती मुलाखत घेणाऱ्या साहेबाने ती मॅच पाहिली होती म्हणून. पूर्णिमा मुलींच्या टीममध्ये होती. तीही माझ्याशी आपण होऊन पहिल्यांदा बोलली ती त्याच संध्याकाळी. सर्जेरावच्या मनात असं होतं की जिथे उभा राहून मी ते फ्री थ्रो मारले, त्या रेषेचा सिमेंटचा तुकडा कापून भिंतीत बसवायचा आणि शेजारी काचेच्या पेटीत नागोरावांची दोरी ठेवायची.

त्याखालची चौकट मी स्वतः मागून घेतली होती. १९९३ ची साताऱ्याची निमंत्रितांची स्पर्धा. फायनलला राज्याच्या टीमची निवड करणारे बसले होते. शेवटच्या मिनिटात मला पुन्हा दोन फ्री थ्रो मिळाले, आणि दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला आपटून बाहेर आले. आम्ही एका गुणाने हरलो आणि राज्याच्या टीममध्ये माझं नाव आलं नाही. त्या दिवशी रेषा मला लांब वाटत होती. मॅच चालू असतानाच मी तसं म्हटलं होतं. मुख्य पंच रंगनाथ सर नावाचे साताऱ्याचेच एक मास्तर होते. त्यांनी खिशातून टेप काढून माझ्यासमोर मोजली आणि बरोबर आहे म्हणाले. टेप त्यांची, पंच त्यांचे, गाव त्यांचं. पुण्याला आल्यावर मी राज्याच्या बास्केटबॉल संघटनेला दोन पानी पत्र लिहिलं. रंगनाथ सरांना चौकशी होईपर्यंत पंचांच्या यादीतून काढलं. चौकशी कधी झालीच नाही आणि त्यांना परत कधी बोलावणं गेलं नाही, हेही मला कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या चौकटीसाठी मी वाक्य लिहिलं होतं, "पंचांच्या पक्षपातामुळे हुकलेलं विजेतेपद," आणि पुढे त्यांचं नाव. इतिहास म्हणजे नावानिशी हवा.

आता नागोराव. परभणीकडचा माणूस. १९७९ साली भोसरीच्या एका कारखान्यात लागले, तो दोन वर्षांत बंद पडला, आणि कोणाच्या तरी शब्दाने आमच्या जिमखान्यात शिपाई झाले. बास्केटबॉल हा शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. रिंगच्या जाळ्यांचे तळ फाटलेत असं समजून त्यांनी पहिल्याच दुपारी सुई-दोरा घेऊन दोन्ही जाळ्या खालून शिवून टाकल्या. संध्याकाळी पहिला बॉल आत गेला आणि तिथेच बसला. ही हकिकत ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना दर वेळी हसण्याआधी थोडे शरमायचे.

त्यांना घडवलं ते गोपाळकृष्ण सरांनी. सर आमचे क्रीडा संचालक, हाफ पॅन्ट, शिट्टी आणि शिस्त. १९८२ साली त्यांनी नागोरावांना एक जाड सुती दोरी आणून दिली. स्टीलच्या टेपने मोजून तिच्यावर गाठी मारल्या आणि गाठींना रंगीत दोरे बांधले. लाल गाठ फ्री थ्रोची, पिवळी मधल्या वर्तुळाची, अशा. नागोरावांना आकड्यांची भीती होती, म्हणून ही सोय. बोर्डावरून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे दोरीचं टोक धरायचं आणि लाल गाठीवर रेषा मारायची, चार मीटर साठ. सरांचा एक नियम होता: जुन्या रेषेवरून नवी रेषा ओढायची नाही. दर वर्षी सगळा रंग खरवडून काढायचा आणि नव्याने मोजायचं. कोर्टाच्या चार कडा सिमेंटच्याच होत्या, त्या हलणाऱ्या नव्हत्या. आतलं सगळं मात्र दर वर्षी दोरीवरून उतरायचं.

सर १९९६ साली गेले, तरी नागोरावांनी नियम सोडला नाही. हंगामाआधी तीन दिवस ते गुडघ्यांवर असायचे. त्यांच्या रेषा इतक्या सरळ यायच्या की बाहेरून आलेले पंच बघून मान डोलवायचे आणि पुढे जायचे. आणि खंडेनवमीला, जेव्हा कारखान्यांत मशिनी पुजतात आणि गॅरेजात पाने-पक्कडी, तेव्हा नागोराव जिमखान्यात दोरी पुजायचे. आदल्या दिवशी ती रिठ्याच्या कढत पाण्यात रात्रभर घालायची, वर्षभराचा रंग आणि धूळ काढायची, खुंटीवर वाळवायची, मग पाटावर ठेवून हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि पेढा. आम्ही टवाळ पोरं पेढ्यासाठी हजर असायचो. मी एकदा विचारलं होतं, दोरीचा देव कोण? ते म्हणाले, गोपाळकृष्ण सर. तेव्हा सर जिवंत होते आणि दारातच उभे होते.

आमच्या कोर्टावर जिंकणं अवघड, अशी विद्यापीठात ख्याती होती. पाहुण्यांचे बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागायचे. मग त्यांचे कोच म्हणायचे की यांची रिंग खाली आहे. नागोराव न बोलता बांबू आणायचे, त्यावर खूण असायची, आणि रिंग बरोबर दहा फूट भरायची. १९९२ च्या फायनललाही नाशिकच्या टीमने दोनदा रिंग मोजायला लावली. त्यांचे अकरा फ्री थ्रो चुकले होते. आम्ही कडेला उभे राहून दात काढत होतो. रिंग मोजणाऱ्यांपैकी खाली जमिनीकडे कोणी बघितलं नाही, हे मला आज कळतं.

तर दोरी हरवली. एप्रिलच्या शेवटी मी काचेच्या पेटीसाठी माप घ्यायला जिमखान्यात गेलो, तर खुंटी मोकळी. नागोराव म्हणाले, उंदरांनी खाल्ली. मी विचारलं, बावीस वर्षं उंदीर उपाशी होते का? ते बॉलमध्ये हवा भरत राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. खोटं बोलणारा माणूस डोळ्यांत बघून बोलतो, ही पुस्तकातली गोष्ट झाली. नागोरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचं लगेच उघडं पडत होतं.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. याचा फायदा कोणाला? त्यांची मुलगी श्रद्धा दोन महिन्यांपूर्वी सर्जेरावच्या साइट ऑफिसात लागली होती. सर्जेरावच्या नव्या स्कीमला कॉलेजच्या मागच्या बाजूने रस्ता हवाय, अशी कुणकुण होती. कोर्टाच्या मापाचा कागद कॉलेजकडे नव्हता, माप होतं ते दोरीवर. दोरी गेली की नवं कोर्ट चार हात अलीकडे सरकवलं तरी कोण विचारणार? दोन दिवसांत माझ्या डोक्यात पुराव्यानिशी प्रकरण उभं राहिलं. पूर्णिमाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं की श्रद्धाला नोकरी मिळाली ती तिच्या बी.कॉम.मुळे, अशी एखादी शक्यता तू तपासलीस का. मी ती तपासली नव्हती.

मी सर्जेरावच्या वारज्याच्या ऑफिसात जाऊन त्याला सरळ विचारलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "माधव, मला रस्ता पायजे असता तर मी प्रिन्सिपॉलकडं गेलो असतो, शिपायाकडं न्हाय. तुला समदी दुनिया चोर दिसती. कॉलेजातबी तसंच हुतं, आताबी तसंच हाय." चहा आला होता, तो तसाच ठेवून मी उठलो. मला वाटलं, हा फारच चिडला, म्हणजे यात नक्की काही तरी आहे.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता मी कोर्टावर गेलो. सोमवारी सिमेंट फोडायला ब्रेकर लागणार होता. त्याआधी रेषेच्या तुकड्याचे फोटो काढायचे होते, असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला पाळत ठेवायची होती. आणि नागोराव सापडले. पश्चिमेकडच्या बोर्डाखाली, गुडघ्यांवर बसून, तारेच्या ब्रशने फ्री थ्रोची रेषा खरवडत होते. निम्मी गेलेली होती. माझीच रेषा.

मी विचारलं, काय चाललंय.

"रेषा काढायलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, उद्या कोर्टच उखडायचंय, रेषा कशाला काढताय?

"म्हनूनच काढायलो, माधवराव." आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला.

मी आवाज चढवला. दोरी कुठे आहे, कोणी सांगितलं हे करायला, सर्जेरावने का, असं बरंच काही बोललो. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं. मग उठले, जिमखान्यात गेले, डंबेल्सच्या पेटीच्या तळातून दोरी काढून आणली. सोबत एक नवी कोरी स्टीलची टेप होती. ती त्यांनी स्वतः विकत आणली होती. दोरी कोर्टावर सरळ अंथरली, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुम्हीच वाचा. टोकापासून लाल गाठीपर्यंत चार मीटर अडतीस भरत होते. मी दोरी ताणून पुन्हा मोजली, तरी तेवढेच. चार साठ हवेत. मी हाताने मोजून पाहिलं, वीतभर कमी.

मग त्यांनी सांगितलं. गेल्या महिन्यात नव्या कोर्टाच्या कंपनीचा माणूस मापं घ्यायला आला होता. तो जेवायला गेला तेव्हा नागोरावांनी त्याच्या टेपशेजारी आपली दोरी लावून पाहिली. संशय आला म्हणून नाही, कौतुकाने. बावीस वर्षांनी पण दोरी कशी तंतोतंत आहे हे त्या माणसाला दाखवायचं होतं. तो जेवून यायच्या आत त्यांनी दोरी लपवली.

"दर खंडेनवमीला कढत पान्यातून काढली म्या," ते म्हणाले. "भक्तीनं काढली. सुताला काय कळती भक्ती? ते आटत गेलं."

माझ्या तोंडून निघालं, सरांनी मुद्दाम तर नव्हतं ना करायला लावलं, आपण जिंकावं म्हणून? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नागोरावांना रागावलेलं पाहिलं. आवाज चढला नाही, पण शब्द तुटक झाले. "सरांनी मोजलं तवा चार साठच व्हतं. त्यांचं नाव मधी आनू नका. चूक माझी हाय."

मी तिथेच बोर्डाखाली बसलो. टेस्टिंगमध्ये कधी कधी एक चूक सापडते आणि तिच्यामागून शंभर जुन्या तक्रारींचा उलगडा होतो. तसं झालं. आम्ही चार वर्षांत घरच्या कोर्टावर दोन मॅच हरलो होतो आणि बाहेर फक्त तीन जिंकलो होतो. बाहेर गेलो की पंच आपल्याला हरवतात, हे आमच्या टीमचं ब्रह्मवाक्य होतं, आणि ते सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायचो. सूत आटतं ते पहिल्या काही धुण्यांतच, म्हणजे आमच्या वेळेपर्यंत दोरी आटायची तेवढी आटून झाली होती. आम्ही रोज संध्याकाळी दीडशे फ्री थ्रो मारायचो, चार अडतीसवरून. हात त्यालाच बसला होता. बाहेर चार साठवर उभं राहिलं की आमचा बॉल वीतभर आधी पडायचा, पुढच्या कडेवर. आणि आमच्याकडे येणाऱ्यांचा बॉल वीतभर पुढे जायचा, मागच्या कडेवर. नाशिकचे अकरा फ्री थ्रो. साताऱ्याचे माझे दोन.

मला राग आला, खूप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. शेवटी नागोरावांवरच काढला. विचारलं, रेषा खरवडून काय साधणार होतात? ते म्हणाले, लाज वाटली. रेषाच दिसली नाही तर तुकडा भिंतीत लावणार नाहीत आणि पुढे कोणी मोजणार नाही, असा त्यांचा हिशोब. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. मजकुराचा कागद प्रिन्सिपॉलसाहेबांच्या सहीसाठी तेच घेऊन गेले होते आणि वाटेत त्यांनी तो वाचला होता.

"कप तुमचा ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पन त्या साताऱ्याच्या मास्तराचं नाव दगडात कोरू नका. रंग म्या दर वर्षी खरवडला. दगडातलं कसं खरवडनार?"

मी घरी आलो आणि पूर्णिमाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती १९९२ बद्दल बोलेल. तिने विचारलं ते वेगळंच. "साताऱ्याला त्यांनी तुझ्यासमोर मोजलं होतं ना? मग टेपवरचा आकडा तू वाचलास का?" मी आठवून पाहिलं. रंगनाथ सर वाकलेले होते, मला बोलावत होते, आणि मी कमरेवर हात ठेवून तोंड फिरवून उभा होतो. बघितलं असतं तर मानावं लागलं असतं.

यानंतर मी लगेच शहाणा झालो असं कोणी समजू नये. पंधरा दिवस मी गप्प बसलो. सर्जेरावला सांगितलं, आधी त्याची माफी मागून. तो म्हणाला, तिघांतच ठेवायचं, आपली इज्जत आपणच कशाला चव्हाट्यावर आणायची. साताऱ्याची चौकट गाळू, झालं. मला ते सोयीचं वाटलं. कोर्ट उखडलं गेलं, रेषा गेली, दोरी पुन्हा डंबेल्सच्या पेटीत गेली. कोणी मोजणार नव्हतं. नागोराव मला दिसले की मान खाली घालायचे, आणि मीही. पंधरा दिवस एकच विचार छळत होता: माझे ते दोन फ्री थ्रो जर चार अडतीसवरचे होते, तर मी कोण? आणि त्याच्या मागून दुसरा, जो मी पुढे येऊ देत नव्हतो. साताऱ्याला एक माणूस अकरा वर्षं शिट्टी खिशात ठेवून घरी बसलाय, ते माझ्या दोन पानांमुळे.

दगड कोरणाऱ्याचा निरोप आला की मजकूर द्या. तेव्हा मी साताऱ्याच्या त्या शाळेतून रंगनाथ सरांचा नंबर मिळवला. ते निवृत्त झाले होते. फोनवर मी नाव सांगितलं, आणि त्यांना ओळख द्यावी लागली नाही. मी दोरीचं सगळं सांगितलं, न थांबता, मध्ये त्यांनी काही विचारू नये म्हणून घाईघाईने. मला वाटलं, आता ऐकून घ्यायची पाळी माझी.

"तुमचं पत्र मला दाखवलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "टेप माझीच होती, हे तुम्ही बरोबर लिहिलं होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरी टेप आणली आणि पुन्हा मोजलं. चार साठच आलं. तरी मनातून जाईना. वाटायचं, एवढा शिकलेला मुलगा उगाच कशाला लिहील? आपलंच कुठे तरी चुकलं असणार. अकरा वर्षं तसंच वाटत होतं बघा."

त्यांनीच विचारलं, तुमच्या त्या नागोरावांना फार लागलंय का मनाला? त्यांना म्हणावं, दोरी आटते, त्यात माणसाचा दोष नाही.

तुम्ही अकरा वर्षं आटलात त्याचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायची माझी लायकी नव्हती.

भिंत दिवाळीनंतर उभी राहिली. सर्जेराव कुरकुरला, पण दगड त्यानेच बसवला. १९९२ चा कप मधोमध आहे, एकसष्ट-साठ, आणि त्याखाली लिहिलं आहे की या कोर्टाची फ्री थ्रोची रेषा तेव्हा नियमापेक्षा वीतभर जवळ होती आणि हे कोणालाही माहीत नव्हतं. साताऱ्याच्या चौकटीत लिहिलं आहे की तिथली रेषा बरोबर होती, पंच रंगनाथ सर बरोबर होते, आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार चुकीची होती. तक्रार करणाऱ्याचं नाव आहे. इतिहास नावानिशी हवा म्हणालो होतो. संघटनेलाही मी पत्र लिहिलं, या वेळी अर्धं पान. काचेच्या पेटीत दोरी आहे. पेटीची किल्ली नागोरावांकडे आहे, आणि भिंत व्हायच्या आधीच्या खंडेनवमीला त्यांनी दोरीला फूल वाहिलं, पेढा ठेवला, पण पाणी दाखवलं नाही.

उद्घाटनाला रंगनाथ सर आले. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट. शाल घ्यायला ते तयार नव्हते. नागोरावांना द्या म्हणाले, आणि नागोराव म्हणाले, त्यांना द्या. शेवटी दोन्ही शाली खुर्चीवर पडून राहिल्या. भाषणं चालू असतानाच सर उठून नव्या कोर्टावर गेले, चपला कडेला काढून. नागोराव मागोमाग ओळंबा घेऊन गेले. दोघांची ओळख होऊन तासही झाला नव्हता, पण एकाने ओळंबा सोडला आणि दुसऱ्याने टेपचं टोक धरलं, कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही.

रेषेपाशी पोचल्यावर सरांनी वर बघून मला हाक मारली. "माधवराव, इकडे या. आकडा तुम्ही वाचा."

मी गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि वाकून वाचला. चार मीटर साठ. मी तो दोघांना ऐकू जाईल असा म्हटला, आणि सरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली.